माझी आयरिश रेड लाल की तपकिरी?

परवा घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धेची, माझ्या आयरिश रेड या बिअरची स्कोअरशीट हातात पडली आणि माझी नजर आधी कुठे गेली असेल तर रंगाच्या ओळीवर. जजने लिहिलं होतं की बिअर एकदम नितळ आहे, फेस छान टिकतोय, पण रंग आयरिश रेडच्या मानाने जास्त गडद आहे, तपकिरीकडे झुकलाय. दिसण्याचे ३ पैकी २. आता ५० पैकी दिसण्याला सगळे मिळून ३च मार्क असतात, त्यात रंग, नितळपणा आणि फेस तिन्ही आलं, म्हणजे रंगाने माझं फार नुकसान केलं असं नाही. पण मला ते लागलं. कारण घरी बघितलं होतं तेव्हा ती लालच होती, मी स्वतः बघितली होती, नवऱ्याला दाखवली होती, तोही म्हणाला होता मस्त लाल आलीये.

मग मी तीच बाटली उघडून बसले. आमच्या किचनमध्ये पिवळा दिवा आहे आणि मी ओतते ती जाड काचेच्या दांडीवाल्या मगमध्ये, त्यात दिव्याकडे धरली की काहीही तांबूस दिसतं. तीच बिअर साध्या सरळ ग्लासात ओतली, दुपारी खिडकीपाशी नेली, मागे पांढरा कागद धरला (मिनेसोटातल्या जानेवारीत खिडकीबाहेर बर्फच असतो, तोही चालला असता) आणि जजचं म्हणणं पटलं. कडेला लाल झाक होती, पण मधे सरळ सरळ तपकिरी.

आईशी व्हिडिओ कॉल चालू होता, ती म्हणाली, काय गं, कोकम सरबत केलंस का? आणि मला तिथेच समजावून सांगायचा धागा मिळाला. कोकमाचं आगळ बाटलीत कसं दिसतं? काळंच जवळजवळ. तेच दोन चमचे ग्लासभर पाण्यात घातलं की लालचुटुक. आगळाचा रंग बदलला का? नाही, नजरेच्या वाटेत त्याचा थर किती आला ते बदललं. बिअरचंही अगदी हेच. अरुंद ग्लासात ती फिकी दिसते, रुंद मगमध्ये गडद, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात तर वर एक रंग आणि बुडाशी दुसरा. म्हणून ग्लास, उजेड आणि मागचा पांढरा कागद हे तिन्ही दरवेळी तेच ठेवल्याशिवाय "रंग बरोबर आला" असं म्हणायला अर्थच नाही असं माझं आता पक्कं मत झालंय.

ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ लोव्हीबॉंड नावाचे बिअर बनवणारे गृहस्थ होते, त्यांनी रंगीत काचांच्या पट्ट्या बनवल्या, बिअर शेजारी ठेवायची आणि कुठल्या काचेशी जुळते ते बघायचं. १८८५ मध्ये त्यांनी त्या उपकरणाची कंपनीच काढली. माल्टच्या (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) पोत्यावर अजूनही लोव्हीबॉंडचेच आकडे असतात, आकडा जितका मोठा तितकं माल्ट गडद. बिअरसाठी आता एसआरएम वापरतात: ४३० नॅनोमीटरचा निळसर जांभळा उजेड बिअरमधून सोडायचा, किती शोषला गेला ते मोजायचं आणि १ सेंटिमीटरच्या नळीत आलेल्या आकड्याला १२.७ने गुणायचं. युरोपवाले ईबीसी वापरतात, तो एसआरएमच्या जवळपास दुप्पट येतो, नेमकं सांगायचं तर १.९७ पट. हा दुपटीचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बीजेसीपीच्या (बिअरच्या जजांची संस्था) यादीत आयरिश रेडला ९ ते १४ एसआरएम दिलेत. फिक्या जर्मन पिल्सला २ ते ४, काळ्या आयरिश स्टाउटला २५ ते ४०. आकडे छान वाटतात, पण यातली खोच मला बऱ्याच उशिरा कळली. एसआरएम फक्त एकाच रंगाचा उजेड किती अडला ते सांगतो, म्हणजे बिअर किती गडद आहे हे कळतं, लाल आहे की तपकिरी की नारिंगी हे कळत नाही. १३ एसआरएमच्या दोन बिअर शेजारी ठेवा, एकीत नुसतं क्रिस्टल माल्ट (कॅरॅमलसारखं गोडसर माल्ट) भरपूर घातलंय तर ती केशरी तांबूस दिसेल, दुसरीत फिक्या माल्टवर चिमूटभर भाजलेलं बार्ली (जव) आहे तर ती माणकासारखी. आकडा एकच. आयरिश रेडला ही दुसरी झाक हवी असते आणि ती त्या भाजलेल्या बार्लीच्या थोड्याशाच मापातून येते. थोडं म्हणजे खरंच थोडं, १९ लिटरला शंभरेक ग्रॅम. त्याच्या पुढे गेलात की लाल निघून जातं आणि तपकिरी येतं, आणि चवीतही शेवटी कॉफीसारखा कडवटपणा यायला लागतो जो इथे नुसता जाणवून जायला हवा.

तर माझं माप काय होतं: ३.८५ किलो पेल एल माल्ट (हे फिकं), २२५ ग्रॅम ४० लोव्हीबॉंडचं क्रिस्टल आणि ११५ ग्रॅम भाजलेलं बार्ली. हीच रेसिपी मी आधी दोनदा केलीये आणि दोन्ही वेळा लाल आली होती. मग वही काढली, पोती बघितली, आणि सापडलं. आधीचं बार्ली ३०० लोव्हीबॉंडचं होतं. या वेळी ते संपलं म्हणून मी इंग्लिश बनावटीचं आणलं, त्याच्या पिशवीवर ईबीसीमध्ये १०००च्या घरात आकडा, म्हणजे साधारण ५०० लोव्हीबॉंड. रेसिपीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी जुनंच नाव तसंच राहू दिलं. माल्टच्या आकड्यांवरून बिअरचा एसआरएम काढायचं मोरी (Morey) यांचं सूत्र आहे, त्याने परत हिशोब केला तर ३००च्या बार्लीने बिअर येते १३ एसआरएमच्या आसपास, अगदी यादीत बसणारी, आणि ५००च्या बार्लीने येते १७च्या जवळ. बाकी सगळं तेच, फक्त पिशवी बदलली.

पण हा झाला कागदावरचा हिशोब, ग्लासात खरंच १७ आहे का ते बघायचं होतं. आमच्या क्लबातले एक वयस्कर जज आहेत, त्यांनी शिकवलेली पद्धत वापरली. बिअर कॉफीच्या फिल्टरमधून गाळून गॅस पूर्ण जाऊ द्यायचा, कारण बुडबुडे आणि गढूळपणा दोन्हींनी उजेड इकडेतिकडे फेकला जाऊन बिअर आहे त्यापेक्षा फिकी वाटते. मग तेवढंच पाणी घालायचं आणि ही निम्मी केलेली बिअर रंगाच्या कार्डाशी जुळवायची. गडद रंगांच्या चौकोनांत डोळ्याला १५ आणि १८ मधला फरक नीट दिसत नाही, पण ७ आणि ९ मधला दिसतो. माझी ८ आणि ९च्या मधे कुठेतरी बसली. दुप्पट केलं की १७. वही आणि ग्लास एकच बोलत होते, त्या क्षणी फार समाधान वाटलं खरं सांगते.

रंग गडद येण्याची दुसरीही कारणं असतात आणि मी तीही तपासली. सिरपसारखं माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरत असाल आणि डबा जुना असेल तर तो आपोआप काळवंडतो, त्यात फिकी पिल्स जमणं अवघड. उकळणं लांबलं तरी रंग चढतो. आणि बाटलीत हवा शिरली तर बिअर महिन्याभरात मळकट होते, हेझी आयपीए या गढूळ बिअरचं तर पार करडं होतं, तिथे रंग बघूनच कळतं की आता चवीत ओल्या पुठ्ठ्याचा वास येणार. माझ्या बाटलीत तसलं काही नव्हतं.

काही जण म्हणतात रंगाला एवढं काय धरून बसायचं, चव महत्त्वाची. पण आपण डोळ्यांनी चाखतो हो. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात वाइनच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. माझ्या शीटवर चवीच्या रकान्यात "भाजकेपणा अंमळ जास्त" असं लिहिलंय. तो बार्लीमुळे खराच जास्त होता, का तपकिरी रंग बघून त्यांना थोडा जास्त लागला, हे मला अजून सोडवता आलेलं नाही. पुढच्या वेळी नवऱ्याला डोळे बांधून दोन्ही बॅच पाजणार आहे.

गेल्या रविवारी नवीन बॅच लावली. तेच ५०० लोव्हीबॉंडचं बार्ली, पण ११५च्या जागी ७० ग्रॅम, म्हणजे हिशोबाने परत १३. आत्ता कार्बॉयमध्ये (बिअर आंबवायच्या मोठ्या बाटलीत) बघितलं तर चक्क काळपट तपकिरी दिसतीये, नवरा म्हणाला परत गेली वाटतं. मी म्हणाले, अरे फूटभर जाडीचं आगळ आहे ते, ग्लासात येऊ दे आधी.