राजगडावरची पहाट : आभाळ आणि तटबंदीचा हिशेब, जानेवारीपर्यंतची नोंद

बालेकिल्ल्यावरून सुवेळा माची (गडाची पूर्वेकडची सोंड) कॅमेऱ्यात टिपताना ०.९चा हार्ड ग्रॅज्युएटेड फिल्टर, म्हणजे वरचा अर्धा भाग काळसर असलेली काच, लावून पाहायचा होता. तो प्रयोग बाद. खोट फिल्टरमध्ये नाही, जागेत आहे. धरणाच्या काठावर आभाळ आणि जमीन यांच्यामध्ये एकच सरळ रेघ असते. फिल्टरची काळी कड तिच्यावर टेकवली की भागतं. राजगडावर हिवाळ्यात थर चार असतात : वर उजळ आभाळ, त्याखाली माचीची काळी सोंड, मग दरीत साचलेलं पांढरं धुकं आणि सगळ्यांत पुढे अंधारातली तटबंदी. फिल्टर आभाळासोबत माचीचा माथाही तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) बुडवतो, धुक्याला मात्र हात लावत नाही. बुडालेला माथा नंतर संगणकावर उचलायला गेलं की नुसती नॉइज, म्हणजे रवाळ ठिपके, वर येते. ७०-२०० लेन्सवर (लांबचं जवळ आणणाऱ्या) ०.६चा सॉफ्ट फिल्टर चालून जातो, कारण लांब फोकल लेंग्थला त्याचा काळ्याकडून पारदर्शकाकडे जाणारा उतार चौकटभर पसरतो. वाइड लेन्सवर तोच उतार आखडतो, अॅपर्चर (लेन्सचं भोक) बारीक केलं की आणखीच.

आता मोजमाप. आयएसओ (संवेदनशीलता) १००, अॅपर्चर एफ/११, आणि एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारा स्पॉट मीटर. आकडे शटर किती सेकंद उघडं ठेवायचं त्याचे. सूर्योदयाआधी साधारण २५ मिनिटं क्षितिजालगतचं आभाळ १ सेकंद मागतं, तटबंदी ८ सेकंद. म्हणजे फरक तीन स्टॉप. सूर्य डोकावतो तेव्हा त्याच्या आसपासचं आभाळ १/१२५, तट १/४. फरक पाच स्टॉप. खुद्द बिंबावर मीटर धरू नये, ते जळणारच, म्हणजे पार पांढरं होणार. धुकं दाट असेल तर आकडे हलतात, पण तांबडं फुटण्यापासून सूर्य वर येईपर्यंत हा फरक वाढत जातो हे कायम. म्हणून दोन वेळांना दोन रीती.

पहिल्या वेळेला काळं कार्ड. मॅट काळा पुठ्ठा, लेन्सच्या तोंडापेक्षा दीडपट रुंद. चकचकीत कागद नको, तो उजेड परतवतो. खालची कड माचीच्या रेघेसारखी ओबडधोबड कापायची. शटर ८ सेकंद. पहिला एक सेकंद लेन्स पूर्ण उघडी, मग कार्ड वरून उतरवून उरलेले सात सेकंद फक्त आभाळ झाकायचं. तीन स्टॉपचा फरक तिथेच मिटतो. कार्ड काचेच्या अगदी जवळ धरून सतत बोटभर वरखाली हलवत राहायचं. हात थांबला की आभाळात काळा पट्टा उमटतो आणि तो पुसता येत नाही. शटर दोन सेकंदांच्या खाली आलं की ही रीत सोडावी, तेवढ्यात हात चालत नाही.

दुसऱ्या वेळेला, सूर्य डोकावताना, ब्रॅकेटिंग (एकच दृश्य कमीजास्त उजेडात टिपणं) : एकेक स्टॉपचे पाच फ्रेम, १/१२५ ते १/८. तटाला १/४ हवा होता, तो शेवटचा स्टॉप रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या कच्च्या नोंदीतून) निघतो. ट्रायपॉड, केबल रिलीज, मॅन्युअल फोकस, स्टॅबिलायझेशन बंद. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची मांडणी) डेलाइटवर बांधून ठेवायचा. ऑटोवर पाचही फ्रेमचे रंग कॅमेऱ्याच्या पडद्यावर वेगळे दिसतात आणि कुठला जळलाय ते कळत नाही. सूर्य चौकटीत असेल तर यूव्ही फिल्टर काढून ठेवावा, नाहीतर तटबंदीवर हिरवा ठिपका येतो. डिसेंबर-जानेवारीत काचेवर दव धरतं, तेव्हा दर दहा मिनिटांनी कापड फिरवणं आलंच.

सगळ्यांत फसवी गोष्ट हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख. एकरंगी हिस्टोग्राममध्ये हिरव्याचं वजन जास्त, त्यामुळे केशरी आभाळात लाल चॅनल जळून गेला तरी तो सुखरूप दाखवतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावावा. तोही कॅमेऱ्यातल्या जेपेगवरून बनतो, म्हणून पिक्चर स्टाइल (कॅमेऱ्यातली रंगांची ठेवण) न्यूट्रलवर ठेवावी. व्हिव्हिडवर तो खोटी घाबरगुंडी उडवतो.

जोडणी फोटोशॉपमध्ये, हाताने. १/८चा फ्रेम खाली, १/६०चा वर. चॅनल्स पॅनेलमध्ये कंट्रोल धरून आरजीबीवर क्लिक केलं की उजळ भागाची निवड मिळते, तीच वरच्या लेयरचा मास्क, म्हणजे त्याचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा. माचीच्या कडेला फिकट वलय आलं तर फेदर (निवडीच्या कडेचा मऊपणा) वाढवू नका, त्याने ते आणखी रुंद होतं. उलट कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट धरून तिथेच पुन्हा क्लिक करून निवड आवळावी. तटावरचं वाळकं गवत वाऱ्याने हलतं आणि दुहेरी दिसतं, म्हणून तो भाग एकाच फ्रेममधून घ्यावा.

आणि तट किती उजळायचा? आभाळाच्या जवळ नेला की चित्र लगेच खोटं वाटतं, कारण तटावर पडलेला उजेड त्याच आभाळाचा आहे. सव्वा ते दीड स्टॉप अंधार राखल्यावर दगडाचा पोत दिसतो आणि पहाटही राहते. समाजमाध्यमांवरचे लख्ख सह्याद्री पाहून हात सैल सोडू नये.

जानेवारीच्या मध्याला सूर्य उत्तरेपासून ११२ अंशांच्या आसपास, सातनंतर सात-आठ मिनिटांनी उगवतो. २१ मार्चच्या सुमारास तो ९० अंशांवर, म्हणजे बरोबर पूर्वेला येईल आणि चौकट डावीकडे सरकेल. कार्डाची कड तेव्हा नव्याने कापावी लागेल.