गोल्फ कार्टच्या इंजिनाचं पॅकिंग आणि बुश घरी बनवताना

आपल्याकडच्या रिसॉर्टवर दिसणाऱ्या गोल्फ कार्ट बहुतेक बॅटरीवरच्या. क्लब कार या कंपनीची पेट्रोलवरची जुनी गाडी हाती आली, तर सीटखाली बरेचदा कावासाकीचं एफई२९० इंजिन निघतं: एक सिलिंडर, २८६ सीसी. ईझी-गो कंपनीच्या जुन्या गाडीत रॉबिनचं दोन सिलिंडरचं इंजिन सापडतं. दोन्ही दणकट आहेत, पण पार्ट इथल्या दुकानात नाहीत, आणि बोटभर पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यातलं गॅस्केट) अमेरिकेहून मागवायचं तर कुरियर आणि कस्टमच पॅकिंगच्या कितीतरी पट. जो भाग नुसता सील करतो, अंतर राखतो किंवा बुशसारखा हळू हलणाऱ्या दांडीला आधार देतो, तो घरी होतो. स्फोटाचा किंवा वेगाने फिरण्याचा ताण ज्यावर येतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

या गाड्यांची एक खोड लक्षात ठेवा. पॅडल सोडलं की इंजिन बंद, दाबलं की स्टार्टर-जनरेटर ते पुन्हा फिरवतो. दिवसातून शेकडो वेळा हेच. त्यामुळे थ्रॉटलची (कार्ब्युरेटरमधल्या हवेच्या झडपेची) दांडी आणि वेगाला लगाम घालणाऱ्या गव्हर्नरचे सांधे लवकर झिजतात, आणि इंजिन थांबल्यावर पंख्याची हवाही थांबत असल्याने सिलिंडरची धग सरळ कार्ब्युरेटरवर चढते.

म्हणून सुरुवात कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या, धग अडवणाऱ्या इन्सुलेटरपासून. तो तडकला असेल तर ६ मिमीची हायलम शीट (रेझिनची कडक शीट) घ्या, पण आधी जुन्याची जाडी वर्नियरने मोजा; थ्रॉटलला जोडणाऱ्या कडीची लांबी तिच्यावर ठरलेली असते. ॲल्युमिनियमचा तुकडा सोपा पडेल, पण तो धग अडवत नाही, उलट पोचवतो. मग पेट्रोल कार्ब्युरेटरच्या बाउलमध्येच (पेट्रोलच्या वाटीतच) उकळतं आणि गरम गाडी चालू व्हायला नखरे करते. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये काढलेला तर ६० अंशांच्या आसपास मऊ पडून वाकतो. कापून झाला की दोन्ही तोंडं काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासा. पट्टी उभी धरून पलीकडचा उजेड दिसला नाही, म्हणजे झालं.

आता पॅकिंग. कार्ब्युरेटरला ०.५ ते ०.८ मिमीची ऑइल जॉइंट शीट (पॅकिंग कापायची शीट) पुरते. दुकानात ‘बिन-ॲस्बेस्टॉसची’ असं स्पष्ट मागा. ॲस्बेस्टॉसची अजून मिळते आणि तिची धूळ फुप्फुसात कायमची बसते. छाप घ्यायला तोंडावर बोटभर ग्रीस पुसून कागद दाबा. बॉलपीन हातोडीने कडेवर टकटक करून कापायची गॅरेजमधली पद्धत इथे नको. कार्ब्युरेटरची कड मऊ असते, गोल होते, आणि मग कोणतंही पॅकिंग तिथे धरत नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी बोल्टची भोकं हॉलो पंचाने, बोल्टपेक्षा अर्धा मिमी मोठी, लाकडाच्या उभ्या धाग्यावर ठेवून पाडा. मग शीट बोल्टांवर चढवून मधलं भोक आखा आणि ते नळीपेक्षा १ मिमी मोठं ठेवा. आत आलेली कड हवा अडवते आणि तिचे धागे सुटून आत ओढले जातात. बाहेरची कड सगळ्यात शेवटी. आधी कापली तर शीट सरकते. आणि बारीक भोकं मोजून घ्या! पेट्रोल पंपाला दाबाचे झटके (पल्स) पोचवणारं एखादं २ मिमीचं भोक राहून गेलं तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट पेट्रोलच्या बाजूला कधीच नको. ते फुगतं, त्याचे शेवळासारखे धागे सुटतात आणि जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रात) जाऊन बसतात.

क्रँककेसच्या (क्रँकशाफ्टच्या पेटीच्या) झाकणाचं पॅकिंग दिसायला सोपं, पण फसवं. त्याची जाडी क्रँकशाफ्टची बाजूची हालचाल ठरवते. पातळ झालं तर हाताने फिरवताना शाफ्ट आवळतो, जाड झालं तर पुढे-मागे ठोकतो. जुनं पॅकिंग बोल्टांमध्ये दबलेलं असतं, म्हणून मोजलेली जाडी नेहमी थोडी कमीच येते. नवं बसवून, बोल्ट आवळून, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावा आणि आकडा मॅन्युअलशी जुळवा. हा आकडा अंदाजाने घ्यायचा नाही.

सायलेन्सरच्या तोंडाला मात्र कागद जळतो. तिथे १ मिमीचा तांब्याचा पत्रा हवा. पुण्यात तांबट आळीत कातरणही चालून जाते. गॅसवर लालसर तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. (पोलाद पाण्यात टाकून कडक होतं, तांब्याचं तसं नाही.) पुन्हा वापरताना पुन्हा तापवायचं.

पल्सवर चालणारा फ्यूएल पंप सगळ्यात जास्त डोकं खातो. क्रँककेसमधला दाब डायफ्रामला (पंपातल्या पातळ पडद्याला) हलवतो. डायफ्राम फाटला की पेट्रोल पल्सच्या नळीतून थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर गाडी चालू करू नका. आधी पंप, मग ताजं ऑइल. सायकलची ट्यूब कापून लावायचा मोह आवरा: तिचं ब्युटाइल रबर पेट्रोलमध्ये फुगून लुळं पडतं. नायट्राइल रबर चढवलेलं नायलॉनचं पातळ कापड हवं, जुन्या डायफ्रामइतक्याच जाडीचं. झडपांच्या चकत्यांना ०.१ मिमीची पॉलिएस्टर फिल्म चालते, भोकाभोवती दीड मिमी तरी झाकेल इतकी. गाडीवर चढवण्याआधी पल्सच्या तोंडाला मोठी सिरिंज लावून दट्ट्या थोडा थोडा पुढे-मागे करा. अर्धा मीटर खालच्या बाटलीतलं रॉकेल वर आलं पाहिजे.

थ्रॉटलच्या दांडीच्या टोकांना ग्रीस चोपडून इंजिन चालवून पाहा. इंजिन तेवढ्यापुरतं सुधारलं, तर तिथून हवा खातंय. हे करताना मागची दोन्ही चाकं घोडीवर उचललेली हवीत, नाहीतर गाडी निघून जाते. ६ मिमी दांडी असेल तर भोक ८ करून पितळी बुश लेथवर काढून घ्या, बाहेरून ०.०२ मिमी जास्त. ठोकल्यावर बुश आतून आवळतो, म्हणून रीमर (भोक मापात आणणारं हत्यार) नंतर, आणि दोन्ही बुशांतून एकाच फेरीत. वेगवेगळा मारला तर दांडी अडकते. दांडीचं माप मोजायचं ते न झिजलेल्या भागावर. गव्हर्नरच्या सांध्यांना डेल्रिन हे कडक प्लास्टिक बरं. नायलॉन पावसाळ्यात दमट हवा पिऊन फुगतं. गव्हर्नरची कडी मात्र जुन्या लांबीचीच ठेवा. ती लांब-आखूड केली की वेगाचा लगाम बिघडतो, आणि या गाड्यांचे ब्रेक त्या वेगासाठी नसतात.

कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, ड्राइव्ह क्लचची वजनं यांना हात लावू नये. छोट्या इंजिनांत ॲल्युमिनियमचा रॉड बहुधा थेट क्रँकपिनवर फिरतो, मायक्रॉनच्या हिशेबात. ऑइल सील तर बनवायचा प्रश्नच येत नाही. जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी बहुधा कोरलेली असते. ते तीन आकडे घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा.