ऐकू न आल्याचं हसू

शनिवार, रात्री साडेअकरा

पाय ठणकतायत. झोप नाही, म्हणून वही उघडली.

आज जेवायला तीस जण होते. निम्मे सत्तरीच्या पुढचे, निम्मे तेरा ते अठराचे. एक म्हातारं, एक पोर अशा आलटून पालटून खुर्च्या मी स्वतः मांडल्या होत्या आणि त्यावर भलतीच खूश होते. पहिली वीस मिनिटं नुसती चमच्यांची खणखण. मुलांचे हात खिशातल्या फोनकडे, आजोबा मंडळींच्या नजरा ताटात. मी वाढणाऱ्यांत उगाच लुडबुडत राहिले.

मग एक सोळाएक वर्षांची मुलगी आत आली. "काकू, ते आजोबा माझ्याशी बोलतच नाहीत. तीनदा विचारलं, नुसते हसले."

ते हसू मी ओळखते. बाबा शेवटी शेवटी तसंच हसायचे. ऐकू न आल्याचं हसू. म्हातारपणी आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात; स, श, फ निसटतात. कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. त्यात मागे गोंगाट असला की संपलंच. आणि कोपऱ्यात गाणी लावायची हौस माझीच!

गाणी बंद केली. तिला म्हटलं, ओरडू नकोस, शेजारून बोलू नकोस. समोर बस, ओठ दिसू देत, सावकाश बोल. म्हणजे माझी ती लाडकी मांडणीच मुळात चुकलेली.

प्रश्नांच्या चिठ्ठ्याही केल्या होत्या मी, 'तुमच्या काळी कसं होतं?' छापाच्या. कुणी हात लावला नाही, बरंच झालं. तिनं विचारलं, "माझ्याएवढे होतात तेव्हा घरी कशावरून बोलणी खायचात?" आजोबा जे सुटले! उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलंच सगळ्यात जास्त आठवतं, असं मानसशास्त्र सांगतं. म्हणजे समोरही सोळा वर्षांचाच कुणीतरी बोलत होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात वाचलं होतं, जगात दर सहा माणसांत एकाला एकटेपणा जाणवतो आणि तरुण व किशोरवयीन मुलांत तो जास्त. तरी माझ्या डोक्यात हेच, की मुलं म्हाताऱ्यांना सोबत द्यायला येतायत. निघताना तीच मुलगी विचारत होती, पुढचं कधी?

पुढच्या वेळी अरुंद टेबलं. आणि तासभर लवकर. नऊ वाजता आज्या पेंगायला लागल्या, तेव्हा मुलं कुठे रंगात येत होती.

एक मुलगा मात्र शेवटपर्यंत गप्प. त्याच्या शेजारच्या आजीही गप्प. दोघांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, एवढीच काय ती हालचाल. मला अपराधी वाटत होतं. जाताना आजींनी माझा हात धरला. "पुढच्या वेळी मला ह्याच मुलाजवळ बसव. फार बडबडत नाही बिचारा."