गोळी एक झाली, फेऱ्या तेवढ्याच

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पलीकडच्या एका गावातल्या आक्का गेल्या महिन्यात बेळगावच्या बसस्थानकावर भेटल्या. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, देणाऱ्या केंद्रातून गोळ्या घेऊन त्या परतीच्या बसची वाट पाहत होत्या. मी २००९ पासून एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांसोबत काम करते आणि आक्कांचे उपचारही त्याच वर्षी सुरू झाले. "आता दिवसाला एकच गोळी, बरं झालं की," असे मी म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "गोळी एक झाली व्हय बाई, पण फेऱ्या तेवढ्याच की."

सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि पहिल्या सहा राज्यांत कर्नाटक व महाराष्ट्र ही दोन्ही होती. त्या काळच्या उपचारात स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन ही औषधे असत आणि ती बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा घ्यावी लागत. आक्का भाताच्या लावणीला दुसऱ्यांच्या शेतात जात. गोळीची वेळ झाली की बांधावर ठेवलेल्या पिशवीकडे जाण्यासाठी त्यांना रोज नवे कारण शोधावे लागे. स्टॅव्हुडिनमुळे त्यांच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि चेहऱ्यावरची चरबी झडून गाल खोल गेले. जीव वाचवणारे औषध चेहऱ्यावरून आजाराची चाहूल देत होते, हे मी फार जवळून पाहिले आहे. पुढे टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि एफाव्हिरेंझ एकाच गोळीत मिळू लागले. ती रात्री एकदाच घ्यायची होती, पण एफाव्हिरेंझने डोके गरगरे आणि भीतीदायक स्वप्ने पडत. २०२० पासून राष्ट्रीय कार्यक्रमात एफाव्हिरेंझच्या जागी डोल्युटेग्राविर आले. हे औषध विषाणूला लवकर दाबते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होणे अवघड असते. आक्कांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, आज तपासणीत सापडत नाही, आणि अशा स्थितीत लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही, ही गोष्ट मी त्यांना दर भेटीत सांगते.

तरीही एका गोळीभोवती किती गोष्टी सांभाळाव्या लागतात ते केंद्राच्या खिडकीतून दिसत नाही. बाटली हलली की खुळखुळते, म्हणून आक्कांनी गोळ्या काढून हळदीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि बाटली जाळून टाकली. खानापूरच्या पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी धरते. श्रावणात त्यांनी मला तो डबा दाखवला तेव्हा गोळ्या मऊ पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी टाकायची नसते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सूचनांचा कागद कन्नडमध्ये होता आणि त्यांना वाचता येते ते मराठी. कन्नडबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्या स्वतः बाजारात कन्नड बोलतात. परंतु आयुष्यभर घ्यायच्या औषधाची माहिती रुग्णाला वाचता येईल अशा लिपीत आणि भाषेत मिळणे हा उपचार सोपे करण्याचाच भाग आहे.

त्या कागदावरच्या काही गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत. लोहाची, कॅल्शियमची किंवा पित्ताची गोळी डोल्युटेग्राविरसोबत घेतल्यास औषध अंगी कमी लागते. त्यामुळे डोल्युटेग्राविर त्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे. लोह-कॅल्शियम जेवणासोबत घेतल्यास मात्र दोन्ही एकत्र चालते. क्षयरोगावर रिफाम्पिसिन सुरू असेल तर बारा तासांनी डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी लागते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न चुकता सांगावे, कारण डोल्युटेग्राविरमुळे रक्तातले मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते.

सोपे करण्याच्या नावाखाली काही जण मधले दिवस गाळतात, आणि त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. सुमारे साडेपाच हजार लोकांवरचा स्मार्ट नावाचा मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सीडीफोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, वाढल्या की औषध थांबवायचे आणि घटल्या की पुन्हा सुरू करायचे, अशी पद्धत त्यात तपासली होती. औषध थांबवलेल्या गटात आजार आणि मृत्यू अधिक झाल्याने अभ्यास आवरता घ्यावा लागला. डोल्युटेग्राविर आणि लॅमिव्हुडिन अशा दोनच औषधांवर नेण्याचा मार्ग उपलब्ध आहे, पण हिपॅटायटिस बी असलेल्या व्यक्तीचे टेनोफोविर काढल्यास तो आजार उसळू शकतो. दर दोन महिन्यांनी घ्यायच्या कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिनच्या इंजेक्शनांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये केली. गोळ्या लपवण्याचा त्रास त्याने संपेल. पण त्यांतले रिल्पिव्हिरिन शीतकपाटात ठेवावे लागते, आणि आमच्याकडे पावसात दोन-दोन दिवस वीज नसते.

म्हणून मला आज सर्वांत जवळचा उपाय दिसतो तो स्थिर रुग्णांना तीन महिन्यांच्या, शक्य तिथे सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्याचा. टाळेबंदीच्या काळात अनेकांना एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या तेव्हा गोव्यात बांधकामावर जाणाऱ्या आमच्या मुलांचे उपचार तुटले नाहीत. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांसाठीच्या मोफत बसप्रवासाच्या शक्ती योजनेमुळे आक्कांना तिकीट पडत नाही. दिवसाची मजुरी मात्र बुडतेच, आणि "परत बेळगाव कशाला?" हा सुनेचा प्रश्नही दर महिन्याला येतोच.

त्या भेटीनंतर त्यांच्या केंद्रात मी याविषयी बोलले आणि या वेळी त्यांना तीन बाटल्या मिळाल्या. बसस्थानकावर त्यांनी पिशवीचे तोंड उघडून मला त्या दाखवल्या. घरात एक लपते, तीन कुठे लपवायच्या, असे म्हणत त्यांनी दोन माझ्या हातात दिल्या. त्या आता माझ्या कपाटात कोरड्या जागी आहेत, पुड्यांसकट. दुसरी बाटली कधी न्यायची तो दिवस आम्ही कॅलेंडरवर खूण करून ठरवला आहे.