जाताना उतार

दादा दुबईला गेल्यापासून आईच्या लेखी मुंबईहून दुबई पावणेदोन तासांवर आहे, आणि दुबईहून मुंबई साडेचार तासांवर. तिनं हे तिकिटावर स्वतः वाचलंय. जाताना पहाटे ४:३० ला निघणार, ६:१५ ला पोचणार. येताना रात्री १० ला निघणार, २:३० ला पोचणार. "जाताना उतार लागत असेल," एवढंच ती म्हणाली. जन्म चिपळुणात गेलेल्या बाईला याहून वेगळं काय सुचणार? इथे कुठंही जा, घाट आहेच.

मी तिला समजावलं की तिकडची घड्याळं आपल्या दीड तास मागे असतात. जाताना दीड तास मिळवायचा, येताना वजा करायचा, म्हणजे दोन्हीकडे तीन-सव्वातीन तास येतात. अंतर हवेतून साधारण १,९३० किलोमीटर, कोलकात्यापेक्षा थोडंच जास्त. तिला ते पटलं, पण उताराचं काही सोडेना. गंमत म्हणजे ती अगदीच चुकलेली नव्हती, फक्त उलटं सांगत होती. वर, विमानाच्या उंचीवर, वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, थंडीत तर चांगलाच जोराने. त्यामुळे चढ असतो तो जाताना. येताना वारा पाठीशी घेऊन विमान थोडं लवकर येतं.

खरा वेळ जातो तो बॅगेत. आमच्याकडे ताणकाटा नाही. बाबा बॅग उचलून वजनकाट्यावर उभे राहतात, मग नुसते उभे राहतात आणि वजाबाकी आई करते. मागच्या दिवाळीनंतर ३१ किलो आले. परवानगी ३० ची. कुळथाचं पीठ काढायचं की आमसुलं, यावर अर्धा तास गेला. शेवटी दादाची जीन्स निघाली.

आणि अनारसे! अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, ती तिकडे अमली पदार्थांत मोजतात. हे कळल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अनारशाला खसखस नाही तर लावायचं काय?" तीळ लावून केले. दादानं तिकडून सांगितलं, छान झालेत. आईनं ते मनावर घेतलं नाही. माझ्या मते दुबई खरी दूर वाटली ती त्या दिवशी. किलोमीटरचं काय, ते विमान कापतंच.

यंदा गणपतीला दादा आला. २:३० ला उतरला. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत चार वाजले, गाडी ठरवलेली होती. आम्ही सकाळी उठून चहा घेतला, आंघोळी उरकल्या, आरास झाली. अकराला फोन आला.

"कुठे आहेस?"

"माणगावात. एक तास झाला, गाडी हललेली नाही."

मी मनात हिशेब केला. दुबईहून मुंबई तीन तास. मुंबईहून माणगाव, सात. अजून शंभरेक किलोमीटर बाकी.

"माणगाव ना?" आई म्हणाली. "मग आलासच की." आणि तिनं भाताचं आधण ठेवलं.