त्यानं स्टेटस बघितलं

24 जुलै 2025, गुरुवार. जिवतीची अमावस्या.

माझं स्टेटस बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं, हॉस्टेलातल्या जुन्या दोस्ताचं, नाव होतं. काल दुपारच्या जेवणाआधीच बघितलं त्यानं. आज सकाळी ते स्टेटस आपोआप गेलं, यादीही गेली, आणि मी अजून तिथंच अडकून बसलोय.

ऑझी ऑस्बोर्न गेला, ब्लॅक सबाथ या इंग्लंडच्या बँडचा गाणारा. मंगळवारी, 22 तारखेला. बातमी आली तेव्हा आपल्याकडं निजानीज झालेली, त्यामुळे मला कळलं काल सकाळी, डवऱ्याला बैल जुंपायच्या वेळी. फोटो टाकला, काळ्या सिंहासनावर बसलेला. खाली फक्त 1948 आणि 2025. नाव लिहिलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, असा काहीतरी तोरा डोक्यात असणार. ज्याला म्हणजे कोणाला, ते आता उघडंच आहे.

बाकीच्यांनी मात्र कसर ठेवली नाही. भावपूर्ण श्रद्धांजली, फुलं, जोडलेले हात. वहिनीच्या भावानं विचारलं, "कोन वारले? सोयऱ्यातले का?" कृषी केंद्रवाल्यानं ओम शांती लिहून त्याच्याच खाली युरिया आल्याचं कळवलं. 'आपल्या दुःखात सहभागी' असाही एक मेसेज आला. तो त्यांच्याकडं तयारच असतो. आणि लांब केस, डोळ्यांतलं काजळ, काळा झगा बघून एकानं विचारलं, "कोन्या मठाचे महाराज होते?"

हसलो. एकटाच, धुऱ्यावर उभा राहून, बैल बघत होते. मग परत यादी उघडली.

आईनंही विचारलंच.

"कोन होय रे थो?"

"गाणारा होता."

"भजनं म्हने का?"

"तसंच काहीसं."

"वय काय होतं?"

"शहात्तर."

"मंग सुटला म्हनाव बिचारा."

यावर काय बोलणार. सुटलाच होता. पार्किन्सन झाल्याचं त्यानं 2020 मध्येच सांगून टाकलं होतं. 5 जुलैचा शेवटचा कार्यक्रम बसूनच केला. व्हिला पार्क म्हणजे फुटबॉलचं मैदान, बर्मिंगहॅममधल्या त्याच्या लहानपणच्या ॲस्टनमधलं. शाळा पंधराव्या वर्षी सुटली, कत्तलखान्यात काम केलं, कारखान्यात मोटारींचे हॉर्न तपासले, आणि शेवटी त्याच मोहल्ल्यात येऊन गायला. तिकडं तो कार्यक्रम आटोपला तेव्हा आपल्याकडं आषाढीची पहाट होत होती. त्या सकाळी घरात टीव्हीवर पंढरपूर चालू आणि माझ्या हातात बर्मिंगहॅम, लोकांनी मोबाईलवर काढलेले हलते तुकडे. उभं राहता येत नव्हतं त्याला, पण बसल्या जागी असा उसळत होता की खुर्ची मोडते का काय असं वाटलं. तेव्हाही आधी दोस्तालाच पाठवावं असं मनात आलं होतं. पाठवलं नाही. साबुदाण्याची उसळ निवत होती.

सतरा दिवसांनी ऑझी गेला. तुकडा पाठवला असता तर काय झालं असतं, असा हिशोब करण्यात अर्थ नाही. तरी करतो आहे.

दोस्ताचं आणि माझं काय बिनसलं ते लिहीत नाही. काही बिनसलं असंही नाही. तो तिकडं राहिला, मी इकडं आलो. बाबांचं ते झाल्यावर येणं भागच होतं. असो.

हॉस्टेलातली गोष्ट. तो रॉकवाला हिंदी सिनेमा 2008 साली आला आणि दर दुसऱ्या पोरानं केस वाढवले, दर चौथ्यानं गिटार आणली, आणि सहामाही परीक्षेपर्यंत सगळ्या गिटारी पलंगाखाली गेल्या. आम्ही दोघांनी गिटार घेतली नाही, पैसेच नव्हते. आम्ही नुसतं ऐकायचो आणि वाचायचो. ऑझीच्या बँडमधल्या गिटारवाल्या टोनी आयोमीच्या बोटांची गोष्ट त्यानंच मला सांगितली होती. सतरा वर्षांचा पोरगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. डावखुरा असल्यामुळे नेमका तोच हात तारा दाबायचा. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं लावलं. पुढं तारा सैल केल्या म्हणजे दाबायला सोप्या जातील. त्या सैल तारांनी सूर खाली उतरला, आणि ज्याला पुढं हेवी मेटल म्हणायला लागले त्याचा तो जडपणा पुष्कळसा तिथून आला.

ही गोष्ट मला शहरातल्या कोणापेक्षाही जास्त कळते असं मी तेव्हा म्हणायचो. आमच्याकडं कुट्टी मशीनमध्ये बोटं गेलेली माणसं आहेत. ती तंबाखू मळताना बघितलं की कळतं, उरलेली बोटं किती शिकून घेतात. तो म्हणायचा, "तू लिही यावर." लिहिलं नाही. आज लिहितोय तर तो वाचणार नाही.

बघ, परत तिथंच आलो.

30 ऑक्टोबर 2011. मेटालिका हा अमेरिकेचा मेटल बँड बंगलोरला, पॅलेस ग्राउंड्सवर. दोन दिवस आधी गुडगावचा कार्यक्रम रद्द होऊन तिथं लोकांनी स्टेज तोडलं होतं. तो नागपूरहून गाडीत बसून गेला. मी जाऊ शकलो नाही, दिवाळी नुकतीच झालेली, कापूस फुटलेला, मजूर मिळेना. रात्री त्याचा फोन आला. काही बोलला नाही, फोन फक्त वर धरला. मला ऐकू आली ती घरघर, पिठाच्या गिरणीत कोणी भांडतंय असली. कोणतं गाणं तेही धड कळेना. रोमिंगचे पैसे कटत होते त्याचे. बॅलन्स संपेपर्यंत त्यानं फोन धरला, आणि मीही तोंडातून शब्द काढला नाही.

तर मग आता तो गप्प राहिला यात नवीन काय? बघितलं, मला कळलं की बघितलं, झालं. एवढाच तर आमचा व्यवहार होता. असं म्हणायला बरं वाटतं. पटलंय असं नाही. हात जोडल्याचं एक चिन्ह टाकायला रोमिंग लागत नाही आता.

रात्री जेवणं झाली की मी यूट्यूबवर रिॲक्शनचे व्हिडिओ बघतो, हे कोणाला सांगत नाही. कोणी गाणं शिकवणारी बाई, कानाला हेडफोन, आयुष्यात पहिल्यांदा ही गाणी ऐकते. मध्येच थांबवते, भुवया वर, "ओह माय गॉड." मला गाणं पाठ आहे. मला ते तोंड बघायचं असतं. पुष्कळ जण नाटक करतात हेही कळतं, आधी दहादा ऐकलेलं असणार. तरी बघतो. दिवसाला दीड जीबी डेटा, त्यातला निम्मा अनोळखी माणसांच्या भुवयांवर खर्च. शेजारी बसून ऐकणारं कोणी नसलं की माणूस काय काय भाड्यानं आणतो.

ऑझीच्या घरचा टीव्ही शोही मी असाच बघून काढला होता, एमटीव्हीवर 2002 पासून चालला तो. अंधाराचा राजा म्हणवणारा माणूस टीव्हीच्या रिमोटशी झगडतोय आणि पोरांना हाका मारतोय. ते बघून आई म्हणाली होती, "तुह्या बापासारखाच दिसते."

आज संध्याकाळी प्रार्थनेला गेलो. घरात बसवेना. गुरुदेव सेवा मंडळात पाच-सहा डोकी, बाहेर झड लागलेली. प्रार्थना झाली, पेटीमास्तर पेटी बंद करता करता म्हणाले, "कोन गेला म्हनते बाप्पा तुह्या वयखीतला?" सांगितलं, गाणारा होता. "मंग आयकव ना."

मी ब्लॅक सबाथच्या पहिल्या रेकॉर्डमधलं पहिलं गाणं लावलं, 1970 चं. ते पाऊस, गडगडाट आणि घंटेनंच सुरू होतं, त्यामुळे एकानं आधी खिडकीकडं बघितलं. मग ते तीन सूर. मास्तरांनी भुवया वर केल्या नाहीत. पेटी परत उघडली, खालचा सा, वरचा सा, आणि मग बोट थांबलं तीव्र मध्यमावर. परत वाजवलं. परत. "पंचमापाशी जाते लेकाचा आन् आत नाई जात," ते म्हणाले. मी मोठ्या ज्ञानानं सांगितलं की तिकडं याला सैतानाचा सूर म्हणतात. मास्तर म्हणाले, "सैतान कायचा? यमन, पूर्वी, मारवा, श्री, साऱ्यांत हाये. दिवेलागनीचा सूर होय थो."

माझी दीडशहाणी पंधरा वर्षं एका वाक्यात निकालात काढली. आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. खंजिरीवाल्या पोरानं तोवर बँडमधल्या ढोलवाल्या बिल वॉर्डचा ताल मांडीवर धरायला घेतला होता आणि चुकला की स्वतःलाच शिवी देत होता, तुकडोजी महाराजांच्या फोटोसमोर. मास्तरांनी डोळे वटारले. गाणं पूर्ण सहा मिनिटांचं. मध्ये वेग वाढतो तिथं ते नाराज झाले, म्हणाले, घाई काऊन केली, चांगलं बसलं होतं.

हे त्याला सांगावं असं वाटलं, अर्थातच. फोन काढलाही. मग पोरगा म्हणाला तो ढोलवाला पुन्हा लावा, तर लावला, आणि बॅटरी गेली.

पुढच्या गुरुवारी आणखी एक ऐकवायचं ठरलंय. स्पीकर तो पोरगा आणणार. शब्द कोणाला कळणार नाहीत, त्यामुळे तशी भीती नाही. महाराज कोणत्या मठाचे होते हे मात्र मास्तरांनीही विचारलं, आणि मी बर्मिंगहॅम सांगून मोकळा झालो. ऑझी 1982 मध्ये स्टेजवर वटवाघळाच्या मुंडक्याला चावला होता, हे तेवढं सांगणार नाही. उद्यापासून श्रावण आहे.