परत घेशील का?

गेल्या आठवड्यात ऑफिसमधला एक मित्र जेवायच्या सुट्टीत शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अगं ती तुझी दोन दारांची गाडी, समज आज नव्याने घ्यायची असती तर परत तीच घेशील का?" तोंडातला घास संपायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. मग घरी जाताना सिग्नलला थांबले होते तेव्हा डोक्यात आलं की अरे आपण जरा जास्तच पटकन बोललो. तो खरंच गाडी घ्यायला निघालाय, त्याच्या घरी दीड वर्षाची मुलगी आहे, आणि मी त्याला एका शब्दात उत्तर देऊन टाकलं. म्हणून आता नीट बसून लिहितेय, त्याच्यासाठी आणि जे कोणी असल्या गाडीच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी.

माझ्याकडे आहे ती टोयोटा आणि सुबारूने मिळून काढलेली कूपे, म्हणजे दोन दारांची, उतरत्या छपराची गाडी, 2012 ला आलेली पहिली पिढी. गाडी एकच पण नावं तीन, टोयोटाकडे जीटी86, सुबारूकडे बीआरझेड आणि अमेरिकेत सायन एफआर-एस (तो सायन ब्रँड 2016 मध्ये बंदच झाला). इंजिन सुबारूच्या घराण्यातलं, दोन लिटरचं बॉक्सर, म्हणजे सिलिंडर उभे नसून दोन्ही बाजूंना आडवे झोपलेले, त्यामुळे वजन खाली राहतं. मागच्या चाकांना ताकद, सहा गिअर, वजन साधारण साडेबाराशे किलो. नावातला 86 आलाय तो 1983 च्या एई86 कोरोलावरून, आणि इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि स्ट्रोक (पिस्टन जेवढा सरकतो ते अंतर) हेही दोन्ही बरोब्बर 86 मिलिमीटर आहेत, असल्या गोष्टी जमवणारी माणसं ही गाडी बनवत होती हे मला पहिल्यापासून आवडतं. मुख्य इंजिनिअर तेत्सुया तादा.

माझी सेकंड-हँड. आठ वर्षं झाली.

आता आधी ज्यांनी घेतली आणि विकली त्यांचं सांगते, कारण त्यांची बाजू खरी आहे आणि गाडीवर प्रेम करणारे लोक ती बाजू ऐकूनच घेत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाने हीच गाडी घेतली आणि नऊ महिन्यांत काढून टाकली. आधी त्याच्याकडे टर्बो हॅचबॅक होती, तिच्यात दोन हजार आरपीएमलाच (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना) पाठीत धक्का बसायचा आणि गाडी सुटायची. इथे 200 हॉर्सपॉवर आहेत, पण ते 7000 आरपीएमला. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 205 न्यूटन-मीटर, तोही पूर्ण मिळतो 6400 च्या वर. आणि मधे साधारण साडेतीन ते साडेचार हजारांत टॉर्कला खड्डा आहे, पहिल्या पिढीचा कुठलाही डायनो ग्राफ (मशीनवर ताकद मोजून काढलेला आलेख) काढून बघा, तो खड्डा दिसतोच. म्हणजे हायवेवर सहाव्या गिअरमधे पाय दाबला तर गाडी काही करत नाही, तुम्हाला चौथा टाकावा लागतो, कधी तिसरा. त्याला हे कटकटीचं वाटलं. तो म्हणायचा की स्पोर्ट्स कार घेतली आणि सात सीटर डिझेल गाडी शेजारून निघून गेली. मी त्याला कधीच चुकीचं म्हटलं नाही. त्याला ओढ हवी होती, ती या गाडीत नाही. परत घेशील का विचारलं तर तो नाही म्हणतो, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

पण मला जे मिळतं ते कुठे मिळतं ते सांगते. एक वळण आहे, रोजच्या रस्त्यावरचं, उजवीकडे जाणारं, थोडं चढाचं आणि आत जाता जाता आवळत जाणारं. तिसऱ्यातून दुसरा टाकताना गिअरचा दांडा मनगटाच्या एका झटक्यात जातो, टक्क असा आवाज येतो, क्लच सोडते तेव्हा इंजिन चार हजारांच्या जवळ असतं आणि वेग असतो पन्नास. फक्त पन्नास. आणि त्या पन्नासला मला कमरेतून कळतं की मागचं डावं चाक किती दाबलं गेलंय, स्टिअरिंगमधे पुढच्या चाकांचा भार कसा वाढतोय, पाऊस पडून गेला असेल तर मागची बाजू एक बोटभर बाहेर यायला बघते आणि मी एवढासा पाय उचलला की परत जागेवर येऊन बसते. हे सगळं दोन सेकंदांत होतं आणि मी कुठलाही कायदा मोडलेला नसतो, कोणाला घाबरवलेलं नसतं. आठ वर्षांत या वळणाला मी कंटाळलेली नाही.

हे असं होतं त्याचं एक कारण टायर आहेत. कंपनीने या गाडीला 215 मिलिमीटर रुंदीचे साधे मिशेलिन प्रायमसी टायर दिले होते, टोयोटाच्या प्रिअस या हायब्रिड फॅमिली गाडीला मिळायचे त्याच जातीचे, आणि सुरुवातीला लोकांनी यावर खूप टीका केली. पण तो विचार करून घेतलेला निर्णय होता. पकड मुद्दाम माफक ठेवायची म्हणजे गाडी कमी वेगातच बोलायला लागते. मलाही हे लगेच समजलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी मी रुंद आणि चिकट टायर टाकले, सगळे टाकतात म्हणून, आणि गाडी खरंच जास्त वेगाने वळायला लागली पण तीच मजा यायला आता ऐंशी-नव्वद लागायचे आणि त्या वेगाला साध्या रस्त्यावर चूक झाली तर सावरायला जागाच उरत नाही. एक सेट झिजवला आणि परत साध्या टायरवर आले. ट्रॅकवर जाणाऱ्यांचं वेगळं, पण रस्त्यावर चालवणार असाल तर माझं ऐका, टायरना हात लावू नका.

आणि स्प्रिंगना पण. माझ्या आधीच्या मालकाने गाडी खाली बसवली होती, दिसायला सुंदर, पण प्रत्येक गतिरोधकाला तिरकी घालावी लागायची आणि खराब रस्त्यावर मणका मोजून घेता यायचा. मूळ स्प्रिंग आणि शॉक शोधून परत बसवले तेव्हा मला कळलं की मी सहा महिने दुसरीच कुठली तरी गाडी चालवत होते. जुनी बघायला जाल तेव्हा हे आवर्जून बघा, कारण या गाड्यांशी लोक फार खेळतात, कोणी सुपरचार्जर लावतं, कोणी टर्बो, कोणी नुसतं सायलेन्सर बदलतं, आणि शक्यतो कोणी हात न लावलेली गाडी मिळाली तर दोन महिने जास्त थांबायला लागलं तरी थांबा.

जुन्यातल्या जुन्या, म्हणजे सुरुवातीच्या दोनेक वर्षांतल्या गाड्यांबद्दल अजून एक. 2018 च्या शेवटी व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी रिकॉल निघाला होता, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. ऐकायला छोटी गोष्ट वाटते, एक स्प्रिंग, पण बॉक्सर इंजिनात सिलिंडरची डोकी दोन्ही कडांना चासीला जवळजवळ चिकटून असतात त्यामुळे ते काम करायला इंजिन गाडीतून बाहेर काढावं लागतं. मग इंजिन ज्याने उघडलं आणि परत बंद केलं त्याचा हात कसा होता यावर सगळं आलं. म्हणून त्या काळातली गाडी असेल तर ते काम झालंय का, त्याचा कागद आहे का, आणि झाल्यानंतर गाडी किती चाललीये, एवढं विचाराच. झाल्यानंतर वीस-तीस हजार किलोमीटर बिनतक्रार चालली असेल तर मला ती गाडी काम न झालेल्या गाडीपेक्षा जास्त भरवशाची वाटेल. साधे स्पार्क प्लग बदलायचे तरी हात घालायला जागा नसते, तेव्हा मजुरीचे तास जास्त लागतात हे धरूनच चाला.

आता जे मला खरंच लागलं ते. माझे बाबा. गाडी आणली तेव्हा ते शेजारी बसून दोन तास फिरले होते, उतरल्यावर बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, छान आहे गं, आवाज छान आहे. तेव्हा त्यांचे गुडघे बरे होते. या गाडीत बसायचं म्हणजे आधी पाठ करून खाली टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, आणि उतरताना उलटं, त्यात दार लांब असल्यामुळे शेजारी दुसरी गाडी असेल तर ते पूर्ण उघडत पण नाही. तीन-चार वर्षांनी बाबा म्हणायला लागले की तू हो पुढे, मी येतो मागून रिक्षाने. त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण ज्या दिवशी मला लक्षात आलं की ते गुडघ्यामुळे टाळतायत त्या दिवशी मी गाडी विकायचं जवळजवळ ठरवलं होतं. शेवटी आम्ही घरात एक साधी उंच हॅचबॅक आणली, आणि तेव्हापासून ही गाडी फक्त माझी झाली. तेव्हा कोणी विचारलं की घरातली एकुलती एक गाडी म्हणून परत घेशील का, तर नाही घेणार. एकटं माणूस असेल किंवा दोघंच असतील तर जमतं, आम्हाला चार वर्षं जमलं. घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल आलं की दुसऱ्या गाडीची सोय हवी, त्याशिवाय नको.

मागची सीट माणसांसाठी नाहीचे, हे मान्य करून टाकलं की त्रास होत नाही. पण ती सीट सबंध एका तुकड्यात पाडता येते आणि मग मागे जी जागा होते ती बघून लोक चकित होतात. जास्तीची चार चाकं मावतील अशीच ती मापं ठेवली होती, म्हणजे ट्रॅकवर जाणाऱ्याने घरून टायर नेले, तिथे बदलले, खेळला आणि परत आला. मी स्वतः चार चाकं नेलीयेत, दोन डिकीत दोन सीटच्या पाठीवर, खाली जुनी चादर. सायकल पण जाते पुढचं चाक काढून. घर बदललं तेव्हा अर्ध्याच्या वर सामान याच गाडीतून गेलं.

मग राहिला प्रश्न दुसऱ्या पिढीचा, जी 2021 मध्ये आली. 2.4 लिटर, साधारण 230 हॉर्सपॉवर, आणि महत्त्वाचं म्हणजे 250 न्यूटन-मीटर टॉर्क 3700 लाच. तो मधला खड्डा भरला गेलाय, वजन मात्र जवळपास तेवढंच ठेवलंय, जे आजकाल कोणालाच जमत नाही. एका मैत्रिणीची मी दिवसभर चालवली. तिसऱ्या गिअरमधे गाडी वळणातून अशी वर उचलली जाते की माझ्या गाडीत त्यासाठी दुसरा लागला असता. परत आल्यावर दोन दिवस मला माझी गाडी सुस्त वाटली, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघाले, रस्ता रिकामा होता, दुसऱ्यात 7400 आरपीएमच्या लाल रेषेपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल मर्यादेपर्यंत नेली आणि मग ती भावना गेली. या जुन्या इंजिनाला कष्ट घ्यावे लागतात आणि मला ते घ्यायला आवडतं, एवढंच. पण आज जो कोणी पहिल्यांदा घेतोय आणि ज्याला दोन्ही परवडतायत, त्याला मी नवीच घे म्हणेन, त्यात मला काही शंका नाही.

एक भीती आहे, परत घ्यायची म्हटलं तर मिळेल का. टोयोटाचीच जुनी कूपे सेलिका 2006 ला गेली. ऑडी टीटी 2023 ला. युरोपात तर या गाडीची नवी पिढी जेमतेम दोन वर्षं विकली, 2024 पासूनच्या सुरक्षेच्या नियमांत बसवायला इतके बदल करावे लागले असते की तिथे बंदच केली. माझदा एमएक्स-5 आहे, ती मला मनापासून आवडते, पण ती उघड्या छपराची आणि दोनच सीटची, त्यात चार चाकं काय सायकलसुद्धा जाणार नाही. साध्या पगारात येणारी, मागच्या चाकांची, हलकी, हाताने गिअर टाकायची कूपे, असं म्हणून शोधायला गेलं तर पर्याय बोटांवर मोजण्याएवढे. म्हणून मी विकणारही नाहीये. विकून परत घेणाऱ्या एकाला मी ओळखते, त्याला आपलीच जुनी गाडी परत मिळवायला दीड वर्ष लागलं आणि विकली त्यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागले.

तर रविवारी मित्राला बोलावलं होतं. म्हटलं मुलीची कार सीट घेऊन ये. आम्ही दोघांनी मिळून ती मागे बसवायला घेतली, अर्धा तास गेला, पट्टे बसले, सीट घट्ट बसली, पण तिच्यासाठी शेजारची पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली की तिच्यावर बसल्यावर त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. त्याची बायकोही तेवढीच उंच. तो गप्प उभा राहिला थोडा वेळ. मग मी त्याला चालवायला दिली, त्या वळणावर नेली, पहिल्यांदा त्याने तिसऱ्यातच काढली, गाडी जडपणे वर आली. मी म्हटलं आता दुसरा टाकून बघ. परत फिरून आलो. या वेळी काही बोलला नाही, फक्त पुढे जाऊन गाडी वळवली आणि तिसऱ्यांदा त्याच वळणाला लावली.

घरी आल्यावर कार सीट सोडवताना म्हणाला, आमच्याकडची जुनी गाडी विकायची नाही असं ठरवलं तर? मी म्हटलं ते बायकोशी बोल आधी, आणि पुढच्या रविवारी तिला घेऊन ये, तिलाही चालवू दे.

दोघं येणार आहेत म्हणाला. सकाळी सातला.